जेट फुंकू नगा

सरका जरा. आनंदा, त्यो मोबाईल खिशात घाल. त्या उजेडात मला गोष्ट सांगवत न्हाई. आन मगाशी कोन म्हनलं, आज रातीच कारवीच्या घाटानं वर जातो म्हनून? तूच न्हवं? जा की! गाडी तुझी, जीव तुझा. पन आधी ऐका समदी. मग ज्याला जायाचं त्यानं जावं.

सडेवाडी ठावं हाय का? घाटाच्या पार माथ्यावर. एकेक घर ममईला गेलं. दारांना कुलपं लागली, कुलपांना गंज चढला. शेवटाला उरली दोनच मानसं. लिंबाजी सपकाळ आन त्याची बायकू, तानुवैनी. लेकरू न्हाई. शेजार न्हाई. सांजच्याला ह्यानं बोलायचं, तिनं ऐकायचं. तिनं बोलायचं, ह्यानं ऐकायचं. तिसरं मानूस बघायचं तर घाट उतरून खाली याया लागायचं.

आन वैनीला दमा. थंडी पडली की छाती नुसती वाजायची. त्याला त्यो पंप असतोय बघा, तोंडात धरून दाबायचा, औशिद छातीत जातं. त्यो पंप एका थंडीत संपला. दिस कलायला आलेला. वैनी भिताडाला टेकून बसलेली, बोलवंना तिला. लिंबाजीनं गाडी काढली.

गाडी म्हंजी काय, जुनी, लहानगी, कार्बोरेटरवाली. आनंदा, तुला काय कळनार कार्बोरेटर? पेट्रोल आन वारा कालवायचं भांडं ते. चोक वढून पेट्रोल जास्त झालं तर गाडी गुदमरती. वारा जास्त झाला तर खोकती. आन पेट्रोलातनं बारीक कचरा आला तर आतला जेट तुंबतो. पितळंचं बोंड असतंय, सुईच्या नेढ्याएवढं भोक. त्यात पिन घालायची न्हाई, भोक मोठं हुतं. त्यो काढायचा, तोंडात धरायचा आन फुंकायचा. आमी समदी असंच करायचो.

तर लिंबाजी खाली आला. बाजारात पंप घेतला, वरच्या खिशात ठेवला. तवर अंधार पडला. दुकानदार म्हनला, "लिंबाजी, आता घाट चढू नगंस. इथंच टेक, सकाळी जा."

ह्यो म्हनला, "ती एकटी हाय."

निघाला! अमावशेच्या तोंडावरची रात. घाटात ना गाडी, ना मानूस. ह्याचाच लाईट फुडं, आन ह्याचाच अंधार मागं. अर्धा घाट चढला असंल. उंबराच्या वळनावर गाडीनं गचके खाल्ले. एक गचका, दुसरा गचका, आन बंद! हान स्टार्टर. न्हाई. वढ चोक, हान स्टार्टर. न्हाई! उतारला, चाकामागं दगड लावला, बॉनेट उचाललं, बॅटरी मारली. पेट्रोलचा वास नुसता भपकन आला. पुन्यांदा चोक वढाया गेला, आन...

"चोक वढू नगंस."

कोन बोललं? बॅटरी फिरवली. उंबराच्या बुडाशी एक मानूस बसलेला. मफलर गुंडाळलेला, हात गुडघ्यावर.

"पेट्रोल पिऊन बसलीया ती," त्यो म्हनला. "चोक आत ढकल. एक्सिलेटर तळाला दाब, दाबूनच धर, आन मग स्टार्टर मार."

लिंबाजीनं तसं केलं. गाडीनं काळा धूर सोडला आन लागली की सुरू! बरं वाटलं बघा त्याला. एवढ्या रानात मानूस भेटलं, जानकार भेटलं. म्हनला, "बसा की पाव्हनं, वर सोडतो."

"मला वर न्हाई जायाचं. घरी कोन हाय तुझ्या?"

"बायकू हाय."

"वाट बघत असंल."

"बघतीया तर!"

"बरं हाय तुझं," त्यो मानूस म्हनला. आन त्यानं ते असं म्हनलं, की लिंबाजीला उगंच भरून आलं. त्यानंच मला सांगितलं हे, मागनं.

गेला फुडं. एक वळान झालं, दुसरं झालं. गाडी खोकाया लागली. खोकली, खोकली आन थांबली. लाईटच्या उजेडात फुडं काय दिसावं? उंबर! त्योच उंबर. बुडाशी त्योच मानूस. चाकामागं लावलेला दगड सुदीक तितंच पडलेला. आता तुमी म्हनाल, लिंबाजीनं तवाच वळकाया पायजे हुतं. व्हय, इथं शेकत बसून वळकायला काय जातंय? तितं मानूस आपल्या मनाला म्हनतं, अंधारात वळान चुकलं असंल माझंच.

"आता जेट तुंबला," मानूस म्हनला आन उठून जवळ आला.

लिंबाजीनं आधी बिडी फुडं केली. रीत असती. त्या मानसानं बिडी ओठात धरली, ह्यानं काडी लावली. मानूस वढतुया, वढतुया, पन बिडीचं टोक काय फुलंना. लिंबाजी म्हनला मनात, सर्दावली असंल. थंडी अशी, की ह्याच्या तोंडातनं बोलताना वाफ येतीया. त्याच्या तोंडातनं येतीया का? ते काय ह्यानं बघितलं न्हाई.

मानसानं गाडीतला स्क्रूडायवर घेतला. बॅटरी नगं म्हनला. अंधारात चाचपून जेट काढला आन लिंबाजीच्या हातावर ठेवला. "फुंक."

"काढलाय तुमी, तुमीच फुंका की."

"तू फुंक."

लिंबाजीनं जेट तोंडात धरला आन फुंकला. त्यो मानूस त्याच्या तोंडापशी आला. इतका जवळ, इतका जवळ, की जेटातनं जाणारा वारा त्याच्याच तोंडात जावा! लिंबाजीला भोवळ आली. बॉनेट धरून हुबा ऱ्हायला. जेट बसवला, गाडी सुरू झाली, निघाला.

एक वळान. दुसरं वळान. खोकली. थांबली.

उंबर!

लिंबाजी खाली उतारला. मानूस उंबराखाली हुबा हुता. मघाची बिडी अजून ओठात. आन लिंबाजीच्या डोळ्यादेखत त्या बिडीचं टोक फुललं. लाल! एकदाच फुललं आन इझलं. लिंबाजीनं जेवढी फुंक दिली हुती, तेवढंच.

तवा कळलं. कळलं, पन कळून काय करता? पळाया मागं उतार हुता. गाडी न्यूट्रलला टाकली असती तर गडगडत खाली बाजारात, लाईटात, मानसांत! पन खाली गेला तर वर कोन जानार? वर वैनी भिताडाला टेकलेली.

त्यो मानूस फुडं आला. "तुझ्या खिशात दम हाय," म्हनला. "दुसऱ्याचा. त्यो मला दे आन जा."

लिंबाजीनं खिशावर हात दाबला. "त्यो तिचा हाय."

"तिला तू तरी हायस. मला कोन हाय? मला एकच हाक मारायचीय रं. किती दिस झालं. गळ्यात हाक बसलीया, वर याया वारा न्हाई."

असं म्हनून त्यो रडाया लागला. ऐका, रडताना सुदीक त्याची छाती हालत नव्हती! लिंबाजीला भ्या वाटायचं ते वाटलंच. पन मला म्हनला, त्या मानसाची कीव बी आली. एवढं एकटं कुनी कुनाला करू नये, म्हनला.

"तिचा न्हाई मिळायचा," लिंबाजी बोलला. "माझा घे. काय पायजे तेवढा घे."

आन त्यानं आपल्या हातानं जेट काढला. तोंडात धरला. फुंकला! डोळ्याफुडं अंधारी आली तरी फुंकला. गुडघं टेकलं तरी फुंकला. छातीच्या तळाला जे काय हुतं ते समदं त्या सुईएवढ्या भोकातनं दिलं.

त्या मानसाची छाती फुगली. त्यो दरीकडं वळला. लिंबाजी हाय का मेला, त्याचं त्याला भानच ऱ्हायलं न्हाई. लिंबाजीनं जेट बसवला, रांगत सीटवर चढला, स्टार्टर हानला. लागली! आन गाडी हालली तसा मागनं आवाज उठला:

"कोन हाय का रंऽऽऽ?"

लिंबाजी जाग्यावर गार! त्यो आवाज लिंबाजीचा हुता. सड्यावरनं गुरं बोलवायचा तवा आमाला हितं खाली ऐकू यायचा, त्योच. दरीत घुमला, डोंगरावर आदळला, परत आला. "कोन हाय का रंऽऽऽ?" लिंबाजीनं मागं बघितलं न्हाई. वळान आलं, उंबर आला न्हाई. अजून वळान आलं, उंबर आला न्हाई. खिंड आली! वाडी आली!

वैनीचं ओठ निळं पडलेलं. त्यानं पंप तिच्या तोंडात धरला, दाबला, पाठ चोळत बसला. पहाटंला तिचा श्वास थाऱ्यावर आला. डोळं उघडून म्हनली, "एवढा येळ कुठं हुता वो? बोला की कायतरी."

लिंबाजीनं तोंड उघडलं. नुसता वारा आला.

मग शेवटापत्तूर तसंच. कानाला तोंड लावून फुसफुसायचा, तेवढंच. मला बी हे समदं तसंच सांगितलं त्यानं, कानात. त्यो उंबराखालचा मानूस कोन, ते मी जुन्या लोकांकडनं काढलं. जीपवाला हुता एक, मुलखाबाहेरचा. तितंच गाडी बंद पडली. बघाया उतारला, तवर जीप मागं घसारली आन त्याला घेऊन दरीत. लगीच गेला न्हाई म्हनत्यात. रातभर हाका मारल्या. वारं उलटं हुतं. कुनाला ऐकू आलं न्हाई.

तवा आनंदा, त्या वाटंनं रातीचं जाऊ नगंस. कुनीच जाऊ नगा. तुमच्या गाडीला जेट नसला म्हनून काय झालं? दम तर हाय न्हवं छातीत? आन घाटात कुनाची हाक आली तर ओ देऊ नगा. अजून येती ती हाक. लिंबाजी जाऊन चार पावसाळं झालं, तरी त्याच्याच आवाजात येती.

तानुवैनी हाय अजून वर. एकटी. तिला खाली आनाया मीच गेलतो, मागच्या थंडीत. बोलता बोलता दिस बुडला, मुक्काम करावा लागला. राती घाटाकडनं हाक आली, "कोन हाय का रंऽऽऽ?" आन वैनी उठली, अंगनात गेली, आन छातीत हुता न्हवता तेवढा दम लावून वरडली, "हाय वोऽऽ! हाय मी!"

मी धावलो. म्हनलं, "वैनी, काय करताय? त्यो लिंबाजी न्हवं. भूत हाय त्यो!"

धाप लागलेली तिला. दाराला धरून हुबी ऱ्हायली. म्हनली, "ठावं हाय वो भावजी. पन दम तर ह्यांचाच हाय न्हवं?"

तिला आत आनली, पंप दिला. सकाळी चांगला उजेड पडल्यावर एकटाच घाट उतारलो.