पुराव्याचं कुलूप

रोजगार कार्यालयात माझं काय झालं, ऐका गा. चिनी मालापायी आमचा कुलपाचा कारखाना बंद पडला, म्हणून दुसऱ्या कामासाठी अर्ज द्यायले गेलो. बाबू म्हणे, "चिनी मालापायीच बंद पडला, याचा पुरावा आणा."

मी इतवारीच्या बाजारातून एक चिनी कुलूप आणून टेबलावर ठेवलं.

"बरं झालं, आमच्या कपाटाले कुलूपच नव्हतं!" त्यानं माझा अर्ज कपाटात टाकून तेच लावलं.

पंधरा दिवसांनी गेलो, तर अख्खं ऑफिस कपाटासमोर उभं.

"चावीच फिरून नाही राहिली, काका. तुमचा अर्जही आतच आहे."

वीस वर्षं कुलपं बनवली मी. तारेच्या तुकड्यानं मिनिटात उघडून देलं. बाबूनं लगेच माझा अर्ज काढला अन् शेरा मारला: "अर्जदार चावीशिवाय कुलूप उघडतो. आधी पोलीस चौकशी व्हावी."