झुनिल्दाचा मेल

पॅराग्वेत, आसुन्सियोनला गरम चिपा, म्हणजे तिथला चीजचा पाव, घ्यायला रांगेत उभा होतो. रांग हलेना, माझ्यापुढच्या दोघींची तोंडं मात्र चालू.

“अख्ख्या ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळतेस निमिया, आणि मैत्रिणीचाच मेल स्पॅममध्ये?”

“व्हाइटलिस्टमध्ये, ओळखीच्या पत्त्यांच्या यादीत होती गं ती! पण पाठवला नवऱ्याच्या दुकानाच्या पत्त्यावरून. फिल्टरला काय कळणार, झुनिल्दा कोण ते?”

“एवढं काय होतं त्यात?”

“बाळाची धर्ममाता होशील का, बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेशील का, म्हणून विचारलं होतं. तिला वाटलं, मी मुद्दामच उत्तर दिलं नाही.”

“मग दुकानाचा पत्ता घाल ना यादीत.”

“घातला की काल.”

“येतात आता मेल?”

“येतात. आज सकाळीच आला. बाप्तिस्म्याचे फोटो आहेत. बाळ मस्त झोपलंय, तिच्या नणंदेच्या हातांवर.”