मोतीचं पथ्य

तुमाला सांगते, आमच्या शेजारच्या सुनंदाकडं सध्या जेवायला गेलं, तर तिच्या कुत्र्याला जे चालतं तेच ताटात पडतं.

तिचा मोती अंग खाजवून रक्त काढायचा. सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याला गव्हाची ॲलर्जी हाय, पोळी बंद करा. पण तिचे सासरे, आबा, जन्मभर ताटातला पहिला घास कुत्र्याला घालूनच जेवलेले.

"आबा, मोतीला पोळी घालू नका," सुनंदा म्हणाली.

"मग मला बी वाढू नको."

शुगरचा माणूस, पण उपाशीच उठले. सुनंदा रडकुंडीला आली. मीच म्हणलं, "बाई, ज्वारीची भाकरी कर. आबा बी खातील, मोती बी." तेव्हापासून त्या घरात पोळीच बंद. मोतीची खाज थांबली, सुनंदाला झोप लागायला लागली.

परवा तिचा नवा जावई पहिल्यांदा मुक्कामी आला. काय वाढलंय ते बघायला मी विरजणाच्या निमित्तानं गेले. ताटात भाकरी. जावई हळूच मला म्हणला, "मावशी, माझं काई चुकलं का?"

सुनंदानं ऐकलं. दमलेल्या आवाजात म्हणाली, "न्हाई हो जावईबापू. पण तुमाला पोळी वाढली की आबाला वाढावी लागती, आबाला वाढली की मोतीला जाती, आन मग रातभर त्याला धरून मी बसते."

जावयानं मोतीकडं बघितलं, भाकरी मोडली आन पहिला घास त्याच्यापुढं ठेवला.

आबा म्हणले, "पोरगं चांगलं बघितलंस, सुनंदा."