खकाणा

अक्षता : बुंदी कुठाय, आई?

बनाबाई : आधी हातपाय धू. उन्हानं तोंड बघ कसं झालंय.

अक्षता : बुंदी कुठाय म्हणलो मी. दुधाची वाटी पालथी पडलीय. तिचं पोतं पण जाग्यावर न्हाई.

बनाबाई : वडगावला धाडली.

अक्षता : काय?

बनाबाई : पेठ वडगावला. अंबूमावशीकडं. तुझा दादा जेवून घेऊन गेलाय रिक्षातनं. तिथं गोठा हाय, उंदीर हायत, मोकळं हाय सगळं. काय विहिरीत न्हाई टाकली तिला.

अक्षता : मला विचारलंस?

बनाबाई : आता तुला विचारून घर चालवू व्हय मी?

अक्षता : मांजर माझं हाय!

बनाबाई : आणि घर माझं हाय. दिवसभर तू क्लासात पोरं शिकीवतीस. हितं तिच्या मागं कोण पळतंय? ही मिरच्यांची पाटी हितं, तो कांद्याचा ढीग तिथं, आणि मधोमध तुझी म्हाराणी ढास लावून बसतीय.

अक्षता : ढास लागतीय म्हणूनच तर दवाखान्यात नेलतो ना परवा! डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलो का न्हाई तुला?

बनाबाई : मांजराला दमा! शिवाजी पेठेत कुणाला सांगू नको, हसतील. आमच्या म्हायेरी पण मांजरं होती. केस गिळायची, गवत खायची, वकायची, मोकळी व्हायची.

अक्षता : केसांचा गोळा असता तर कधीतरी बाहेर पडला असता. हिचं काय पडतंय का? महिनाभर मधनं मधनं ही अशी मान लांब करती, पोट भुईला टेकवती आणि खाकरत बसती. मग उठून खेळायला जाती, म्हणून आपल्याला वाटतंय काय न्हाई. मी काढलेला व्हिडिओ बघितल्याबरोबर ओळखलं त्यांनी. छातीचा फोटो काढला. धूर नको, उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, मिरची भाजताना उठणारा खकाणा तर अजिबात नको म्हणाले.

बनाबाई : मग ठेवली की लांब. वडगावाएवढी लांब.

अक्षता : थट्टा करतीस?

बनाबाई : थट्टा तू लावलीयस. ह्या खकाण्यावर, चटणी विकून, तुमच्या दोघांच्या शाळा झाल्या, तवा कुणाचा घसा खवखवला न्हाई. आता मांजराचा खवखवतोय.

अक्षता : हे बघ, दम्याचा पंप आणलाय मी तिच्यासाठी. ल्हान पोरांना लावत्यात तसला मास्क पण मिळाला. आजपासनं चालू करायचा होता. अंबूमावशीला जमणार हाय हे? तिला मोबाईल उचलायला जमत न्हाई!

बनाबाई : जनावर हाय ते. आपलं आपण बरं होतंय.

अक्षता : कशातनं नेली?

बनाबाई : कशातनं म्हंजे? पिशवीतनं.

अक्षता : कुठल्या पिशवीतनं?

बनाबाई : होती एक मोठी. तोंड बांधून दिली, न्हाईतर रिक्षातनं उडी टाकती.

अक्षता : आई, दाराच्या मागं टांगलेली का? ब्याडगीची?

बनाबाई : झटकली होती की मी.

अक्षता : मिरचीची पिशवी! दम लागणारं पिल्लू मिरचीच्या पिशवीत घातलंस, वर तोंड बांधलंस! अगं, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?

बनाबाई : तोंड सांभाळून बोल. आई हाय मी तुझी.

अक्षता : दादा फोन उचलत न्हाई. का उचलत न्हाई त्यो?

बनाबाई : रिक्षा चालवतोय त्यो. आदळाआपट करू नको. ते झाकण उचल खालचं.

अक्षता : न्हाई उचलत. एवढं काय अडलं होतं तुझं? मी येईपर्यंत पण दम निघंना?

बनाबाई : काय अडलं होतं? ऐकायचंय? ऐक मग. काल राजारामपुरीतल्या मोनाताई आलत्या, चटणी न्यायला. पोरगी अमेरिकेला निघालीय, तिच्यासाठी. मी डबा भरत होतो. तेवढ्यात हिनं तिथंच, पाटीला लागून, ढास लावली. बाईनं ओढणी नाकाला लावली. म्हणाल्या, मावशी, रोगट मांजर घरात ठेवून खायची वस्तू विकता व्हय तुम्ही? भरलेला डबा तसाच टाकून गेल्या. जिना उतरताना फोनवर कुणाला तरी तेच सांगत होत्या. मी वरनं ऐकत उभा.

अक्षता : मग तिला सांगायचं की, रोग न्हाई, खकाण्यानं होतंय म्हणून.

बनाबाई : व्हय! माझ्या चटणीनं मांजर मरायला लागलंय, तुम्ही दोन डबे न्या, असं सांगू?

अक्षता : म्हणून गच्चीवर भाज म्हणत होतो आम्ही. वर्षभर दादा पण मागं लागलाय.

बनाबाई : गच्चीवर भाजलं की शेजारचे काठ्या घेऊन येत्यात. घरात भाजलं की तू. मी काय पंचगंगेत जाऊन भाजू?

कृष्णात : आरडू नका. खाली तालमीपर्यंत आवाज येतोय तुमचा.

अक्षता : दादा! बुंदी कुठाय? टाकून आलास?

कृष्णात : पाणी दे आधी.

अक्षता : पाणी मागनं. सोडून आलास का तिला?

कृष्णात : वडगावला पोचलोच न्हाई. पंचगंगेच्या पुलापर्यंत पिशवीत नुसती वळवळ, वरडणं. शिरोली गेली आणि आवाजच बंद झाला. म्हणलं झोपली असंल. मग मनाला काय बरं वाटंना. रिक्षा बाजूला घेतली, गाठ सोडली, तर तोंड वासलेलं. जीभ निळी. बरगड्या अशा आत-बाहेर, आत-बाहेर.

अक्षता : आई गं...

कृष्णात : तू परवा सांगत होतीस ना आईला, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर वाट बघायची न्हाई म्हणून? मी जेवत होतो, कानावर पडलं होतं. मांडीवर घेतली आणि वळवली रिक्षा. सरळ तुझ्या त्या डॉक्टरकडं, राजारामपुरीत.

अक्षता : हाय ना ती? दादा, हाय ना?

कृष्णात : हाय. काचेच्या पेटीत ठेवलीय, ऑक्सिजन सोडून. सुई मारली. सांजपर्यंत काय सांगता येत न्हाई म्हणालेत. तुला न्यायला आलोय. चल.

अक्षता : ऐकलंस, आई? ऐकलंस काय केलंस ते?

बनाबाई : मला काय ठाऊक, असं होईल म्हणून.

अक्षता : सांगितलं होतं तुला! तोंडानं सांगितलं होतं!

कृष्णात : अक्षे, थांब. अजून एक हाय. डॉक्टरनं मला विचारलं, घरात माणसांपैकी कुणाला खोकला हाय का. म्हणलं, आईला हाय. तर माझ्याकडं बघत बसले. म्हणाले, तुमच्या बहिणीनं तर कुणालाच न्हाई म्हणून सांगितलंय.

अक्षता : न्हाईच की. आई कुठं खोकती?

कृष्णात : न्हाणीत.

बनाबाई : कृष्णा, गप बस.

कृष्णात : नळ सोडती आणि खोकती. माझी खोली भिंतीला लागून हाय, मला ऐकू येतंय. तू सकाळी लवकर जातीस, तुला वाटतंय धुणं धुती.

बनाबाई : तुला कुणी सांगितलं होतं त्या जनावरांच्या डॉक्टरपुढं माझं गाऱ्हाणं मांडायला?

अक्षता : कधीपासनं, आई?

बनाबाई : कोण खोकत न्हाई? धुरात काम करणारं सगळं खोकतंय.

अक्षता : कधीपासनं म्हणलो!

बनाबाई : ओरडू नको माझ्यावर! मांजर खोकलं की तुझा मोबाईल बाहेर येतोय, व्हिडिओ काढतीस, फोटो काढतीस छातीचा. मी भिंतीला धरून वाकतो, तवा तू कुठं असतीस?

अक्षता : तू दाखवलंस कधी? नळ सोडून खोकतीस आणि वर मला विचारतीस कुठं असतीस?

बनाबाई : दाखवून काय करू? मोनाताई मांजराचं खोकणं बघून डबा टाकून गेली. माझं बघितलं असतं तर? खोकणाऱ्या बाईच्या हातची चटणी कोण घरात नेईल, सांग की!

अक्षता : म्हणून बुंदीला पिशवीत घातलंस.

बनाबाई : व्हय.

अक्षता : आणि उद्या पाटीशी बसल्या बसल्या तुलाच ढास लागली, गिऱ्हाइकासमोर? मग तुला कुठं धाडायचं? वडगावला?

कृष्णात : अक्षे!

बनाबाई : बोलू दे तिला. रात्री मी पण तेच बोलत असतो, माझं मीच.

कृष्णात : चला दोघी. भांडण रिक्षात करा. आई, तू पण चल.

बनाबाई : मी कशाला?

कृष्णात : चूल विझव आणि चल.

(राजारामपुरी. जनावरांच्या दवाखान्याबाहेरचा बाक. कृष्णात आत गेला आहे.)

बनाबाई : एवढा वेळ काय करत्यात आत?

अक्षता : मला माहीत न्हाई.

बनाबाई : बोलणार न्हाईस व्हय माझ्याशी?

अक्षता : बोललो तर तोंडातनं वाईटच निघंल.

बनाबाई : मी पिशवी उलटी करून झटकली होती. दोनदा झटकली. तिच्या नाकाला लागू नये म्हणून खाली फडकं पण घातलं होतं तुझ्या जुन्या ड्रेसचं. म्हणलं, वास ओळखंल, भिणार न्हाई.

अक्षता : माझ्या ड्रेसचं?

बनाबाई : तू न्हाईस तवा ती माझ्याच पायात असती. मी काय वैरी हाय तिचा?

अक्षता : न्हाईस. म्हणून तर जास्त राग येतोय.

कृष्णात : अक्षे! डोळं उघडलं तिनं. धाप जरा बसलीय. आजची रात्र हितंच ठेवायची म्हणालेत. जा, लांबनं बघून ये, हात लावू नको.

बनाबाई : वाचंल का रं?

कृष्णात : वाचंल म्हणाले. पण घरात तसलाच खकाणा असंल तर परत आणायची न्हाई, असं पण म्हणाले. रागावलेत. मलाच झाडलं, पिशवी बघून.

बनाबाई : तू सांगायचंस, आईनं बांधली म्हणून.

कृष्णात : न्हाई सांगितलं.

अक्षता : बघितली मी. कानानं ओळखलं मला, कान हलवला. आई, ऐक. भाजायचं काम आता घरात न्हाई. शेजारच्यांशी मी बोलतो, कुठल्या वेळेला चालंल ते विचारतो. न्हाईच ऐकले तर गिरणीतला मिरची कांडपवाला भाजून देतोय.

बनाबाई : त्याच्या हातनं करपतंय सगळं.

अक्षता : मग त्याच्या उरावर बसून भाजून घे, बाहेरनं. आणि आत्ता तू माझ्याबरोबर यायचंस. कोपऱ्यावर छातीचे डॉक्टर हायत, सातपर्यंत बसत्यात. मी चौकशी करून ठेवलीय.

बनाबाई : कवा केलीस?

अक्षता : तू रिक्षात तोंड फिरवून बसलीस तवा.

बनाबाई : आज नको. सोमवारी बघू. लुगडं पण कामाचंच हाय अंगावर, मिरचीचा वास मारतोय.

अक्षता : मारू दे.

कृष्णात : चल, आई. आता हिच्याशी वाद घालून उपयोग न्हाई.

बनाबाई : त्यांनी काय भलतं सांगितलं तर?

अक्षता : तर मी हाय की ऐकायला. ऊठ. काय झालं? पदर काय कोंबतीस तोंडात?

बनाबाई : ...

अक्षता : आई, दाबू नको. खोक.

बनाबाई : रस्ता हाय गं. माणसं बघत्यात.

अक्षता : बघू देत.