गाळलेल्या ओळी

(फेब्रुवारी १९५६. मुळशी पेट्यातलं एक लहान तारपोस्ट. शुक्रवार, सकाळचे दहा वाजून गेले आहेत.)

साळूबाई : बसत न्हाई. उभ्यानंच सांगते. काल फौजदारानं चौकीत बोलावलं अन् माझ्या नवऱ्याचं पत्र मला वाचून दावलं.

मास्तर : तुमचं पत्र त्याच्याकडे कसं गेलं?

साळूबाई : माझं पत्र घरी पेटीत हाय. संक्रांतीला आलेलं, तुमीच हितं बसून वाचलेलं. त्याच्याकडं नक्कल हुती.

मास्तर : असेल. नथूवर वॉरंट आहे, साळूबाई. दिवाळीनंतरच्या मोर्चात त्याचं नाव आलं, तेव्हापासून गिरणी सोडून फरारी आहे. पोलीस त्याची पत्रं बघणारच. मुंबईत बघतील, पुण्यात बघतील. नक्कल कुणी केली ते कसं सांगता येणार?

साळूबाई : मी सांगते. तुमी केली.

मास्तर : तुम्हाला तर वाचता येत नाही.

साळूबाई : वाचता येत न्हाई, पन तुमचं अक्षर वळखता येतं. सात वर्सं तुमी मांडीवर फळी घेऊन माझी पत्रं लिवताय, मी समूर बसून बघतीया. समद्या ओळीची अक्षरं तुमी आदी काढता अन् मग डोक्यावरची रेघ एका दमात वढता. ती शेवटाला खाली जाती, नांगर बांधाकडं घसरल्यावानी. फौजदाराच्या टेबलावर तीच रेघ हुती. एक न्हाई, चार कागदांवर.

मास्तर : दार लोटून घेता का जरा?

साळूबाई : उघडंच ऱ्हाऊ द्या. आता झाकायचं काय ऱ्हायलंय?

मास्तर : बरं. मीच केली. ऐकून तरी घ्या. डिसेंबरात वरून सीलबंद पाकीट आलं. त्यात हुकूम होता आणि एक यादी होती. यादीतल्या घरांची पत्रं, तारा, आलेल्या-गेलेल्या, सगळ्यांची नक्कल करून धाडायची. वाच्यता केली तर नोकरी जाईल, वर खटला. मी एकट्या तुमच्याच पत्रांची नक्कल केलेली नाही.

साळूबाई : यादीत अजून कोन हायेत?

मास्तर : ते सांगता येत नाही. यादी गुप्त आहे.

साळूबाई : व्हय का. यादी गुप्त, अन् आमची पत्रं फौजदाराच्या टेबलावर.

मास्तर : कायदा आहे तसा. राज्यात गडबड असली की सरकारला तो अधिकार असतो. कालच्या पेपरात कुणी पुण्याच्या वकिलानं लिहिलंय, हे बरोबर नाही म्हणून. दुसऱ्यानं लिहिलंय, ज्याच्या मनात पाप नाही त्यानं भ्यायचं कशाला.

साळूबाई : त्या दुसऱ्याला सांगा, बायकोला धाडलेलं पत्र चौकीत ठेव म्हनावं. मग इचारते त्याला, भ्यालास का.

मास्तर : एक विचारू? रागावू नका. पत्रात असं काय होतं जे माझ्यापासून लपलेलं होतं? तुम्हीच मला सांगायचात, मी लिहायचो. नथूचं आलं की मीच वाचायचो. तुमच्या सासूचं दुखणं, तुमचं ते पहिलं पोर गेलं तेव्हाचं, सगळं मला ठाऊक आहे. परक्या माणसाला कळलं म्हणता, तर मीही परकाच होतो की.

साळूबाई : तुमाला मी सांगितलं. फौजदाराला मी सांगितलं व्हतं का? इहिरीवर बाई आपल्या हातानं पदर बाजूला करती अन् दुसऱ्यानं वढला, दोन्ही येकच व्हय? तुमाला परकं समजले असते तर पोराचं बोलले असते का हितं बसून? तवा तुमी लेखनी खाली ठिवली हुती अन् मला पानी दिलं हुतं. मला वाटलं, हा मानूस सरकारचा न्हाई, आपला हाय.

मास्तर : मी आताही तुमचाच आहे. मनानं मीसुद्धा त्या मोर्चेवाल्यांच्याच बाजूचा आहे. मुंबई आपल्याला मिळालीच पाहिजे, असं घरात रोज म्हणतो.

साळूबाई : घरात म्हनता. माझ्या मान्सानं रस्त्यावर म्हनलं. त्याच्यावर वारंट हाय.

मास्तर : ...मला तीन मुली आहेत, साळूबाई.

साळूबाई : ठाव हाय. धाकटीच्या बारशाला पाळना मी सजवला हुता. पन मी ज्याच्यासाठी आले ते येगळंच हाय. फौजदार पत्र वाचत आला अन् एका ओळीवर थांबला. हसला. दोन शिपाई हुते, त्यास्नी म्हनला, ऐका रे. अन् मोठ्यानं वाचलं. 'साळू, तुझ्या केसाला चुलीचा धूर लागतो त्याचा वास मला आठवतो. हितं गिरण्यांच्या धुरात मी तोच हुडकत बसतो. आलो की आधी तुझी वेणी सोडीन, मग जेवीन.' ही ओळ पत्रात हुती का?

मास्तर : होती.

साळूबाई : मला का न्हाई वाचून दावली?

मास्तर : कशी वाचणार? तुम्ही परस्त्री. समोर बसलेल्या. मला संकोच वाटला. असं काही आलं की मी खोकायचो आणि पुढच्या ओळीवर जायचो. कुठलाही मास्तर तेच करतो. गावोगाव तीच रीत आहे.

साळूबाई : मला वाचून दावताना संकोच वाटला. फौजदारासाठी लिवताना न्हाई वाटला?

मास्तर : नक्कल शब्दाला शब्द करायची असते. एक ओळ गाळली आणि मूळ पत्राशी ताडून पाहिलं तर—

साळूबाई : सात वर्सांत किती गाळल्या?

मास्तर : मोजल्या नाहीत. एखाद्या पत्रात दोन, एखाद्यात चार. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी जास्त होत्या. मग त्यानंही लिहिणं कमी केलं.

साळूबाई : कमी करनारच. त्यानं इचारलं असंल अन् मी उत्तर दिलं न्हाई. मला ठावच न्हाई तर काय देनार? मी तुमच्या तोंडनं ऐकायची, 'तब्येत बरी आहे, आईला काढा दे, छपराला यंदा नवं गवत घाल.' मला वाटायचं, माझा मानूस कोरडा हाय. शेजारच्या सोनीचा नवरा आठ दिसाला यिऊन जातो, माझ्याला तीन ओळींपल्याड सुचत न्हाई. गंगूपाशी मी बोलून दावलं हुतं, भिताडाशी लगीन लागलंय माझं म्हनून. सात वर्सं मी त्याला असं समजले, मास्तर. अन् तो बोलायचा कसा, हे मला कळलं कुनाकडनं, तर पान खानाऱ्या फौजदाराकडनं, दोन शिपाई हसत्यात तवा. मी खाली बघून उभी. म्हनलं भुई दुभंगंल तर बरं. अन् त्याच येळंला मनात आलं, अजून एकडाव वाच. त्याची लई लाज वाटली मला.

मास्तर : मला क्षमा करा.

साळूबाई : ते मागनं बघू. मी नथूला धाडलेल्या तारंचं उत्तर आलं का?

मास्तर : आलं. काल संध्याकाळी.

साळूबाई : वाचा. अन् खोकू नका.

मास्तर : 'निघालो आहे. रविवारी घरी पोचतो. नथू.' एवढंच आहे. तारेत गाळण्यासारखं काही नसतं.

साळूबाई : निघाला.

मास्तर : हो.

साळूबाई : त्यानंच मला शिकवून ठिवलं हुतं. पाकिटं वाफंवर धरून उघडत्यात, लई नड आली तर तार कर. तारंला पाकीटच न्हाई, मग फोडत्यात काय? वरच्या वर तारंतनं जाती, मधी कोन हात घालनार? मीबी म्हनलं, खरंच की. सोमवारी यिऊन तुमाला सांगितलं, लिवा, 'आई अत्यवस्थ, लवकर ये.' तो चवथा कागद तोच हुता. माझी तार.

मास्तर : तारेला पाकीट नसतं म्हणूनच... जाऊ द्या. ती पहिल्यांदा माझ्याच हातून जाते.

साळूबाई : आता कळलं. फौजदार म्हनला, मुंबईत तुझी पत्रं जात्यात त्या कोंडाजीच्या खानावळीवर दोनदा धाड घातली, तितं तुझा दाल्ला झोपत न्हाई. पन आई मरायला टेकली म्हनल्यावर घरी यील. कवा यील ते सांग, म्हनला. मी म्हनलं, मला ठाव न्हाई. काल मला खरंच ठाव नव्हतं. म्हंजी त्यालाबी ठाव न्हाई. दिवस ठाव न्हाई त्याला.

मास्तर : तुम्ही दुसरी तार करायची म्हणत असाल तर उपयोग नाही. तो निघालाय. रस्त्यात कुठं मिळणार?

साळूबाई : ते कळतंय मला. ताम्हिनीनं येतोय का लोनावळ्याकडनं का पुन्यावरनं, ते त्यालाच ठाव. तीन वाटा अन् मी एकली. वाटंवर गाठनं माझ्या हातात न्हाई. पन ह्या तारंची नक्कल तुमच्या हातात हाय.

मास्तर : साळूबाई—

साळूबाई : आदी ऐका. सासू चार दीस अन्नाला शिवली न्हाई. दाराकडं तोंड करून निजती. माझी सासू फुलाबाई म्हंजी कशी बाई हुती, तुमी बघितलीया. गाव धरनात बुडालं तवा नथूला पाठुंगळी बांधून वर चढून आली. ती आता मला वळखत न्हाई, मला म्हनती, नथू आला का गं? मी ती तार कशापायी केली? म्हातारीला लेक दिसावा म्हनून. लेकाला बेड्या पडताना दिसाव्यात म्हनून न्हाई. एक रात द्या त्याला. रविवारी यील, आईच्या तोंडात पानी घालील, सोमवारी दीस उगवायच्या आत डोंगरात जाईल. सोमवारी धाडा तुमची नक्कल. उशीर झाला म्हना. तुमचा हुकूमबी पाळला जाईल अन् माझं घरबी.

मास्तर : पुण्याच्या हापिसात या तारेची नोंद आहे.

साळूबाई : तितं रोज किती तारा जात्यात?

मास्तर : हजार-पाचशे. आपल्या भागाची यादी मात्र त्यांच्याकडे नाही, ती फक्त माझ्याकडे आहे.

साळूबाई : मग तितं कोन बघतंय?

मास्तर : कुणी नाही, तसं म्हटलं तर.

साळूबाई : म्हंजी तुमी गप बसलात तर कुनाला कळनार न्हाई.

मास्तर : समजा, कागद टपालाच्या ढिगाखाली राहिला. होतं असं कधी कधी. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. सोमवारी हाताला लागला. एक खुलासा मागवतील. फार तर शेरा मारतील.

साळूबाई : बदली तर न्हाई ना करनार?

मास्तर : एवढ्यावरून नाही करत.

साळूबाई : पोरींचं काय हुनार न्हाई ना? माझ्यापायी त्यांच्या ताटातलं जायला नको.

मास्तर : नाही, नाही. तुम्ही माझ्या मुलींचा विचार करताय?

साळूबाई : मग कुनी करायचा? मास्तर, मी मघाशी लई बोलले. रात सारी डोळं उघडंच हुतं, त्यापायी बोलले. त्या ओळींचं मी इसरन असं न्हाई, ते खोटं सांगत न्हाई. पन एवढं केलंत तर मी ते कुनापाशी बोलनार न्हाई. नथूलाबी सांगनार न्हाई. त्याला म्हनन, माझ्याच ध्यानात आलं न्हाई तुझं लिवनं, माझीच चूक. तुमाला परत भाऊ म्हनन. बोला, ठिवता ना तो कागद ढिगाखाली?

मास्तर : बसा ना जरा. पाणी देऊ?

साळूबाई : पानी नको. हो म्हना.

मास्तर : साळूबाई, तो कागद इथं नाही.

साळूबाई : कुटं हाय?

मास्तर : साडेनऊच्या एस.टी.नं गेला. कंडक्टरच्या हातात बंद पाकीट देतो मी. आतापर्यंत चौकीत पोचला असेल.

साळूबाई : मी आले तवा किती वाजलं हुतं?

मास्तर : दहा वाजून गेले होते.

साळूबाई : म्हंजी मी पायरी चढले तवाच गेल्याला हुता. मी बोलायला लागले तवा, सासूचं सांगितलं तवा, पोरींचं इचारलं तवा. समदा येळ गेल्यालाच हुता.

मास्तर : हो.

साळूबाई : मग मला एवढं बोलू कशापायी दिलंत?

मास्तर : तुम्ही मागत होतात तोवर वाटत होतं, तो अजून माझ्या हातात आहे.