अकराची धपधप

मुलगी: दार वाजवता येत नव्हतं? डायरेक्ट लिफ्टजवळ कागद चिकटवलात? ‘तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा व्यायाम त्वरित बंद व्हावा.’ त्वरित! सगळी बिल्डिंग वाचून दात काढतेय.

काकू: तीनदा वाजवलं दार. तीन वेगवेगळ्या दिवशी. वाजवलं की आवाज बंद, आणि उघडायला कुणी येत नाही. मग कागदच लावणार ना?

मुलगी: शक्यच नाही. समोरचा भांडायला आलाय आणि मी दार उघडत नाही? कुणालाही विचारा.

काकू: ते दिसतंय मला. आत ये आधी. दारात उभी राहून ओरडू नकोस.

मुलगी: कामाला निघालेय मी. अकराला पाच कमी आहेत. दोनच मिनिटं. हे बघा काकू, मी बैठका मारते. पाठीला वाळूची पिशवी बांधून. आणि हौस म्हणून नाही. आमच्या पप्पांचं वजन ब्याऐंशी किलो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, सगळं मीच करते. पायात जोर नसला तर दोघंही आपटू.

काकू: किती वाजता मारतेस?

मुलगी: सकाळी सहाला.

काकू: बरोबर. पन्नास. चाळिसावीनंतर तू दमतेस, मग जोरात बसतेस. पण त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तेव्हा मी चहा पीत असते.

मुलगी: मोजता की काय तुम्ही?

काकू: मोजत नाही, मोजलं जातं. माझं कामच ऐकण्याचं आहे. कोर्टातल्या साक्षींची रेकॉर्डिंग येतात, ती ऐकून टाइप करायची. साक्षीदार तोंडातल्या तोंडात बोलतो, वर पंखा घरघरतोय, मागे कुणीतरी खोकतंय. एक शब्द चुकला तर कुणाचं तरी वाटोळं व्हायचं. आणि नेमकं अकराला तुझं वर सुरू होतं.

मुलगी: अकराला मी घरात नसतेच!

काकू: असं कसं?

मुलगी: साडेदहाला बाहेर पडते मी. कुरिअरच्या गोडाऊनमध्ये आहे. दोनला येऊन पप्पांना जेवायला घालून जाते, मग सातलाच घरी. आज दुपारनंतर सुट्टी टाकलीय, घरचं आवरत बसले म्हणून उशिरा निघाले.

काकू: मग अकराला वर कोण असतं?

मुलगी: पप्पा. पण ते पडून असतात. सात महिने झाले. बाहेरून रंग देत होते एका बिल्डिंगला, परांचीवरून पडले. कंबर गेली. आता डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, चालवा त्यांना. चालवा म्हणे! चालवायला ती काय सायकल आहे? व्यायाम शिकवायला बाई लावली, तर तिला म्हणाले, जाताना तेवढा पंखा वाढवून जा. भिंतीकडे तोंड करून झोपले ते झोपले.

काकू: आणखी कुणीच नाही घरात?

मुलगी: झुरळं आहेत. ती नाही आपटत.

काकू: मग ही वही बघ. मी रोज लिहून ठेवलंय.

मुलगी: बाप रे. ‘अकरा वाजून चार मिनिटे. लाकूड टेकवल्याचा आवाज. फरफट. टेकवणे. फरफट. अकरा वेळा. मग धप्प. चौदा सेकंद शांतता. परत फरफट.’ हा काय व्यायाम आहे?

काकू: तेच मला कळत नव्हतं. दोरीच्या उड्या नाहीत, बैठका नाहीत. म्हटलं, नवीन काहीतरी निघालं असेल तुम्हा पोरांचं.

मुलगी: लाकूड... थांबा. आमची खुर्ची. ती मी रोज पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवून जाते. परत येते तेव्हा जरा तिरकी असते. मला वाटायचं मीच घाईत सरकवली. आणि त्यांचं कोपर! काळंनिळं झालंय. म्हणाले, पलंगाची कड लागली.

काकू: बस जरा.

मुलगी: नाही हो. ते कूस बदलायला मला हाक मारतात. कशाला उगाच आशेला लावताय? तेही आज!

काकू: आज काय आहे?

मुलगी: आज आत्या येतेय. चारला, गाडी घेऊन. पप्पांना तिच्याकडे नेणार. कायमचं. बॅग भरून झालीय माझी. म्हणजे त्यांची. आत्या म्हणते, तू सतरा वर्षांची पोर, ह्याच्यापायी शाळा सोडलीस, आता पाठ मोडून घेणार का? स्वतःहून चार पावलं टाकत असता, तर नेलं नसतं त्याला. पप्पांना विचारलं, जायचंय का? भिंतीकडे बघत राहिले.

काकू: पहिलं पान काढ. तारीख काय आहे?

मुलगी: सहा.

काकू: त्याआधी हा आवाज कधीच नव्हता.

मुलगी: सहा... पाचला आमचं भांडण झालं होतं. रात्री.

काकू: हं.

मुलगी: हं काय? ऐकलंत तुम्ही?

काकू: ऐकायचं नव्हतं मला.

मुलगी: काय म्हणाले होते मी?

काकू: जाऊ दे ना.

मुलगी: सांगा. तुमचं तर कामच आहे ते.

काकू: ‘तुम्हाला उठायचंच नाहीये. माझा जीव गेला तरी पडूनच राहा.’ मग तू बाथरूममध्ये जाऊन नळ सोडलास, बराच वेळ.

मुलगी: नळाचंसुद्धा लिहिलंय?

काकू: नाही. ते नाही लिहिलं.

(वरून आवाज. काहीतरी लाकडी टेकल्याचा, मग फरफट.)

मुलगी: काकू...

काकू: अकरा वाजून दोन. आज लवकर सुरू केलं.

मुलगी: पलंगापासून... आता कपाटापाशी आले. कपाटापाशी! तीन, चार... पाय उचलतायत का ओढतायत?

काकू: डावा उचलतात, उजवा ओढतात. आधी दोन्ही ओढायचे.

मुलगी: आठ, नऊ... अगं आई गं! पडले! सोडा, हात सोडा माझा!

काकू: थांब.

मुलगी: थांब काय? बाप पडलाय माझा वर!

काकू: रोज पडतात. गेलीस तर तू उचलशील. आणि उद्यापासून करणार नाहीत. मोज माझ्याबरोबर. चार. पाच. सहा.

मुलगी: हाक नाही मारत आहेत ते. मला तर पाण्याच्या ग्लासासाठी हाक मारतात.

काकू: अकरा. बारा.

मुलगी: उठले! खुर्ची सरकली ना ही? उठले ना?

काकू: उठले.

मुलगी: तुम्ही दार वाजवायचात तेव्हा... 

काकू: श्वास रोखून उभे असतील तिथेच. आणि मी बाहेरून ओरडत होते, लाज नाही वाटत का म्हणून.

मुलगी: फोन लावते आत्याला. ...हॅलो, आत्या? गाडी आणू नकोस. नाही, भांडले नाहीये कुणाशी. म्हणजे भांडले, पण ते वेगळं. ऐक ना. तू बोलू नकोस, नुसतं ऐक, फोन वर धरतेय. ...आलं ऐकू? ते पप्पा आहेत. पप्पा चालतायत. अगं कुणी धरलेलं नाही, मी खालच्या काकूंकडे उभी आहे! ...आत्या? रडू नकोस ना, मला इकडचं ऐकू येत नाही. हो. ये, पण नुसती भेटायला. आणि त्यांना एक अक्षर बोलायचं नाही. मी सांगेन त्यांना, मला करमणार नाही म्हणून थांबवलं. ...खोटं कुठे आहे त्यात? ठेव आता.

काकू: पाणी घे.

मुलगी: नको. कुठपर्यंत गेले?

काकू: बाथरूमच्या दारापर्यंत. आता परत फिरतील. मी तो कागद काढून टाकते खाली जाऊन.

मुलगी: वेड्या आहात का? राहू दे तिथेच! काढला तर लोक विचारतील मग वर कोण आपटतं. माझंच नाव राहू दे.

काकू: लोक नावं ठेवतील तुला.

मुलगी: ठेवू देत. आधी काय आरती ओवाळत होते? तुमच्या कामाचं काय पण?

काकू: अकरा ते साडेअकरा मी रेकॉर्डिंग लावणार नाही. भाजी निवडत बसेन.

मुलगी: मी वर जाऊन येते. आत नाही जाणार, देवाशप्पथ. नुसतं दार किलकिलं करून बघते. सात महिने उभं नाही बघितलं त्यांना.

काकू: राहवत नसेल तर जा. पण चोरपावलांनी नको. जिन्यात पाय आपटत जा, चांगली खालपासून.

मुलगी: मग कळेल की त्यांना मी येतेय ते!

काकू: कळू दे. आणि सावकाश चढ. परत पलंगावर जायला त्यांना चार मिनिटं लागतात.

मुलगी: चार?

काकू: पहिल्या दिवशी अकरा लागली होती.