इशबेलचं नाक

(रविवारची दुपार. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट. समुद्राला पाठ टेकून उभं असलेलं व्हिस्कीच्या पिंपांचं कोठार. इशबेल आणि तिचा नवरा टॉर्किल. मध्ये एक पालथं पिंप, त्यावर तीन ग्लास.)

टॉर्किल : व्हिस्कीचा वास येतोय. अजून काय सांगू?

इशबेल : असं नाही. डोळे मीट. नाक आत खुपसू नकोस, ग्लास जरा लांब धर. तोंड किंचित उघडं ठेव. हां. आता?

टॉर्किल : आता मी बावळट दिसतोय.

इशबेल : ते नेहमीचंच. वास सांग.

टॉर्किल : धूर. आपण घरात जाळतो त्या पीटच्या ढेकळांचा, पण धगधगत्या नाही. सकाळी राख ओढताना येतो ना, तसा. आणि दवाखाना.

इशबेल : दवाखाना म्हणजे?

टॉर्किल : गुडघा फुटला की आई लावायची ते औषध. झोंबणारं.

इशबेल : हं. आयोडीन. कोवळी आहे अजून. पुढचा घे.

टॉर्किल : इशबेल, मी शेवंडी धरणारा माणूस. मला बिअर कळते, बास. भर जेवणावरून उठवून या गारठ्यात मला कशाला आणलंस? भट्टीतलं प्रत्येक पिंप तुझ्या नाकाखालून जातं. या बेटावर तुझ्यासारखं नाक नाही म्हणतात.

इशबेल : पुढचा घे म्हटलं ना.

टॉर्किल : आधी तू घे. मघापासून बघतोय, पिंपातून काढलीस, ओतलीस, आणि सरळ माझ्यापुढे सरकवलीस. ग्लासाला नाक न लावता तुला मी जन्मात पाहिलेलं नाही.

इशबेल : टॉर्किल...

टॉर्किल : परवा मासा करपला तेव्हा तू शेगडीपाशीच उभी होतीस. मी बाहेर जाळी शिवत होतो, तिथवर वास आला. धावत आलो तर तू आपली भांडी पुसतेयस. इशबेल?

इशबेल : येत नाही मला.

टॉर्किल : काय येत नाही?

इशबेल : वास. हिवाळ्यातल्या तापात गेला. वाटलं, सर्दी आहे, येईल परत. मग बहिणीकडे जाते म्हणून ग्लासगोला गेले, ते खरं तर डॉक्टरकडे.

टॉर्किल : काय म्हणाला?

इशबेल : येईलही, म्हणाला. नाहीही येणार.

टॉर्किल : आणि मला आज सांगतेस? एका पांघरुणात झोपतो आपण!

इशबेल : कसं सांगणार होते? तू बोटीवरून येतोस, स्वेटर खुंटीला टांगतोस. रोज कुरकुरायचे मी, आमिषाचा घाण वास मारतोय म्हणून. आता तो खुंटीवर असतो आणि मी त्याला तोंड लावून उभी राहते. काही नाही. कोरं.

टॉर्किल : ...म्हणून हल्ली कुरकुरत नाहीस होय. मला वाटलं, मीच सुधारलो.

इशबेल : उद्या मॅनेजर येणार, फर्गस. उन्हाळ्याच्या उत्सवासाठी यातलं एक पिंप निवडायचंय. बाटलीवर माझं नाव छापणार आहेत. इतके दिवस आठवणीवर निभावलं. कुठल्या भिंतीलगतचं पिंप कसं पिकतं ते पाठ आहे मला. पण पाठ असणं वेगळं.

टॉर्किल : मग मी आहे की! मी हुंगतो, तू अर्थ लाव. आण दुसरा. हं... गोड आहे. मनुका, नाताळचा केक. पण मागे ओल्या पोत्याचा वास. चर्चच्या तळघरासारखा.

इशबेल : आधी शेरी वाइन भरलेलं पिंप ते. लाकूड नासलंय कुठेतरी. बाजूला ठेव.

टॉर्किल : बघ, जमतंय!

इशबेल : तिसऱ्यात दोन थेंब पाणी टाकते. खुलेल.

टॉर्किल : अरे!

इशबेल : काय?

टॉर्किल : थांब, घाई करू नकोस. ओहोटीनंतर खडकावर शेवाळ उन्हात तापतं ना, तसं. डांबर लावलेला दोर. कालव नुकतं उघडलंय, त्यातलं पाणी. आणि धूर आहे, पण जवळ नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी चूल पेटवलीय, आणि आपण बोटीत. तळाशी गोड काहीतरी... डब्यातल्या पेअर फळांचा पाक.

इशबेल : घोट घे.

टॉर्किल : तेलासारखी पसरते जिभेवर. मग मिरी. मग मीठ. गिळली तरी जात नाही गं, रेंगाळतेय. हीच. डोळे झाकून हीच निवड.

इशबेल : दे इकडे.

टॉर्किल : तुला कळेल?

इशबेल : जीभ शाबूत आहे. ...मीठ कळतं. चरचर कळते. ऊब कळते. तू म्हणालास ते शेवाळ, तो दोर, त्यातलं काही नाही.

टॉर्किल : मग ठरलं. दर रविवारी मी येत जातो. तू निवृत्त होईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

इशबेल : आणि बाटलीवर नाव माझं.

टॉर्किल : त्यात काय? नवरा-बायकोचं नाक एकच.

इशबेल : मॉरवेनला मी पहिल्या दिवशी काय सांगितलं, माहितेय? नाकाला खोटं बोलायला लावायचं नाही. माल बिघडलाय असं वाटलं तर मॅनेजरच्या तोंडावर सांगायचं. ती सांगते. माझ्या हाताखाली शिकली, पण आता माझंही ऐकत नाही.

टॉर्किल : ती अजून नवखी आहे. तुझी सगळी हयात गेली इथे.

इशबेल : म्हणूनच. उद्या फर्गसला मी सगळं सांगते. पिंप मॉरवेन निवडेल. नावही तिचंच लागेल.

टॉर्किल : आणि तिने हे सोडून दुसरंच निवडलं तर?

इशबेल : तर मला राग येईल. आणि मी गप्प बसेन.

टॉर्किल : तू? गप्प?

इशबेल : प्रयत्न करेन म्हटलं.

टॉर्किल : रडतेयस तू.

इशबेल : व्हिस्की झोंबली.

टॉर्किल : बरं. चल मग, घरी जाऊ. जेवण गार झालं असेल.

इशबेल : होऊ दे. ग्लासात आहे थोडी. बस ना.

टॉर्किल : बसून काय करू?

इशबेल : मी एकेक घोट घेते. तू सांगत राहा.